‘गुडघाभर पाण्याला एवढा जामानिमा?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कयाकमधून (वल्ह्याने चालवायच्या लहान, अरुंद होडीतून) उथळ पाण्यात मासेमारी करण्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे आणि बरीचशी मुद्द्याला धरून आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे : उथळ पाण्यात किनारा समोर दिसत असतो, कमरेइतक्या पाण्यात लाइफ जॅकेट हा दिखाऊपणा आहे, नांगरासाठी कप्प्या-कड्यांची भानगड कशाला, बसल्या जागेवरून दोर बांधला की झालं, आणि प्रत्येक वस्तू दोरीने बांधायचा सल्ला धोक्याचा आहे. शेवटचा आक्षेप मान्य. बाकीचे नाहीत.

आधी ‘कमरेइतकं पाणी’. ते कमरेइतकं किती वेळ राहणार, हा खरा प्रश्न. जिथे दिवसातून दोनदा भरती येते तिथे ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. बाराव्या हिश्शाचा ढोबळ हिशेब असा : एकूण उताराचे बारा हिस्से धरले तर पहिल्या तासात 1 हिस्सा, मग 2, 3, 3, 2 आणि 1. भरती-ओहोटीत 2.4 मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात जेमतेम 20 सेंटीमीटर पाणी जातं, पण तिसऱ्या तासात 60. म्हणजे मिनिटाला एक सेंटीमीटर. एखाद्या दमदार माशाशी दहा मिनिटं झुंजलात तर तेवढ्यात वीतभर नाही, पण निम्मी वीत पाणी तुमच्याखालून गेलेलं असतं. भरलेल्या कयाकला तरंगायला 10 ते 15 सेंटीमीटर लागतात. भरतीला 1.4 मीटर पाणी असलेल्या पट्ट्यावर तीन तासांनी 20 सेंटीमीटर उरतं, आणि पुढच्या पाच-दहा मिनिटांत बूड टेकतं. तेच पाणी तिथे परत यायला साधारण सहा तास. नुसती ‘ओहोटी किती वाजता’ ही वेळ बघून निघणाऱ्यांचं इथेच चुकतं. कोष्टकातली उंचीही बघायला हवी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा फरक मोठा असतो, भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) दिवसांत कमी.

‘टेकलो तर उतरून चालत जाऊ’ असं तुम्ही लिहिलंय. तळाला घट्ट वाळू असेल तर जरूर जा, फक्त पाय घासत टाका म्हणजे वाळूत दडलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) बाजूला सरकेल. चिखल असेल तर उतरू नका. मऊ चिखलात पाय मांडीपर्यंत रुततो आणि उपसायला गेलं की दुसरा आणखी खोल जातो. अशा वेळी कयाकमध्येच बसून पाण्याची वाट बघणं हा कंटाळवाणा पण बरोबर उपाय. म्हणूनच पिण्याचं पाणी ‘दोन तासांपुरतं’ नेऊ नये.

लाइफ जॅकेटचं कारणही हेच. कंबरभर पाणी म्हणजे पाय टेकतील असं नाही. चिखलाच्या पट्ट्याला लागूनच ओहोटीने कापलेली खोल पन्हाळ असते, आणि मासे तिथेच असल्यामुळे आपणही तिथेच जातो. साधं 50 न्यूटनचं जॅकेट पुरतं, म्हणजे सुमारे पाच किलोची उचल. मात्र ते पोहता येणाऱ्यांसाठी आणि जवळ मदत असेल तिथेच. पाठीला टोचतं ही तक्रार खरी आहे. खुर्चीच्या पाठीमुळे नेहमीचं जॅकेट वर सरकतं, म्हणून मागचा फोम खांद्याजवळ असलेला प्रकार घ्यावा. शिटी, फोन आणि सुरी त्या जॅकेटवर, डब्यात नको. कयाक हातातून सुटला की डबाही त्याच्याबरोबर जातो.

आता नांगर. तुमची पद्धत संथ पाण्यात चालते, वाहत्या पाण्यात कयाक उलटवते. दोर मध्यभागी बांधला की साडेतीन मीटरचा कयाक प्रवाहाला आडवा होतो. दोर वरच्या अंगाची कड खाली ओढतो, पाणी बुडाला ढकलतं, आणि माणूस दोर सोडवायला नेमका त्याच कडेवर वाकतो. तिथे खेळ संपतो. कप्प्यांचा फेरा (दोन टोकांच्या कप्प्यांमधून फिरणारा दोर आणि त्यावर एक कडी) एवढंच करतो की कडी पुढच्या किंवा मागच्या टोकाशी नेता येते आणि टोक प्रवाहाकडे राहतं. दोन कप्प्या, एक कडी, 5 मिलिमीटरचा दोर कयाकच्या साधारण दुप्पट लांबीचा, सामान एवढंच. नांगराचा दोर कडीतून ओवून खुर्चीजवळच्या खाचेत अडकवायचा, गाठ मारायची नाही. शेवटाला बोया (तरंगता गोळा) लावा, पण कडीतून पार होईल इतका लहान. मोठा बोया कडीत अडकतो आणि सोडलेला नांगर सुटतच नाही. ही चूक फार जण करतात.

दीड किलोचा घडीचा नांगर धरत नाही ही तुमची तक्रार बहुधा दोराच्या लांबीची आहे. 1.2 मीटर पाण्यात तीन मीटर दोर म्हणजे नांगर वर उचलला जाणार. सात-आठ मीटर सोडा. मऊ चिखलात मात्र तो कितीही दोर दिला तरी नांगरटच करतो. तिथे दोन-सव्वादोन मीटरची टोकदार काठी तिरकी रोवावी, आणि तीही कडीलाच बांधावी.

‘किनारा दिसतो’ याबद्दल एवढंच : तुम्ही ताशी 5 किलोमीटरने वल्हवता आणि समोरून 2 नॉटचा प्रवाह आहे, म्हणजे ताशी 3.7 किलोमीटर. अर्ध्या किलोमीटरला सहाऐवजी तेवीस मिनिटं. त्यात जमिनीकडून सुटलेला मतलई वारा असेल तर काठाजवळ पाणी गुळगुळीत दिसतं आणि आत गेल्यावर कळतं.

दोऱ्यांबाबत तुमचं बरोबर. ‘सगळं बांधा’ हे वाक्य मूळ लेखातून काढलं आहे. वल्ह्याला एक मीटरभर गुंडाळीची दोरी, गळाच्या काठ्यांना आखूड दोऱ्या, शरीराला एकही नाही. आणि लाटा फुटतात तिथून जाताना सगळ्या सोडून काठ्या आत आडव्या ठेवायच्या.

फिश फाइंडरची (ध्वनिलहरींनी तळ आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राची) तुम्ही उडवलेली टरही मान्य. 20 अंशांचा झोत एक मीटर पाण्यात तळावर जेमतेम 35 सेंटीमीटरचं वर्तुळ बघतो. त्यापेक्षा पोलराइज्ड (पाण्यावरची चकाकी कापणारा) चष्मा लावून डोळ्यांनी जास्त दिसतं, आणि त्याला बॅटरी लागत नाही.