‘मिसेस डॅलोवे’मधला सेप्टिमस गाळता येत नाही

नेरूळ-वाशीच्या वाचकगटांतून सध्या एक संदेश पुढे पाठवला जात आहे. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘मिसेस डॅलोवे’ (१९२५) या कादंबरीत काही घडतच नाही, नायिका क्लॅरिसा डॅलोवे उथळ आहे, आणि सेप्टिमस या वेड्या सैनिकाचा भाग मागाहून चिकटवलेला असल्यामुळे तो गाळून वाचला तरी चालते, असे त्यात म्हटले आहे. नव्या वाचकाचे यातून खरोखर नुकसान होते.

कथानक जून १९२३ मधल्या एका दिवसात सामावते, हे खरे आहे. पण त्या दिवसात तिने तरुणपणी नाकारलेला पीटर भारतातून परतून क्लॅरिसासमोर रडतो, नवरा रिचर्ड गुलाब घेऊन घरी येतो आणि मनातले प्रेमाचे शब्द ओठांवर आणू शकत नाही, आणि एक तरुण जीव देतो. यापेक्षा आणखी काय घडायला हवे?

क्लॅरिसा उथळ असल्याचे मत मुख्यतः पीटरचे आणि तिच्या मुलीची शिक्षिका मिस किलमन हिचे आहे. ते लेखिकेचे मानण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. सेप्टिमस मागाहून आला, एवढे मात्र बरोबर. पहिल्या आराखड्यात तो नव्हता आणि मरण क्लॅरिसाच्याच वाट्याला येणार होते, असे वुल्फ यांनीच १९२८ च्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. म्हणजे तो आला तो तिचे मरण स्वतःवर घेऊन. त्याला निव्वळ ‘वेडा’ म्हणणाऱ्यांनी टोपीचा प्रसंग पुन्हा वाचावा. त्याची बायको रेझिया शेजारणीच्या मुलीसाठी टोपी करत असते, सेप्टिमस फिती आणि फुले निवडून रंग जुळवून देतो, ती ते टाके घालून पक्के करते, आणि कितीतरी दिवसांनी दोघे मिळून हसतात. थोड्याच वेळात डॉक्टर होम्स जिना चढून येतात आणि तो खिडकीतून उडी टाकतो. त्याला बायकोपासून दूर, विश्रांतिगृहात पाठवण्याचे मनोविकारतज्ज्ञ सर विल्यम ब्रॅडशॉ यांनी आधीच ठरवलेले असते.

त्याच ब्रॅडशॉंची पत्नी रात्री क्लॅरिसाच्या पार्टीत ही बातमी सांगते. न पाहिलेल्या त्या तरुणाशी क्लॅरिसाला आपले साम्य जाणवते, आणि ब्रॅडशॉंसारखी माणसे जगणे असह्य करतात, हे तिला कोणी न सांगता उमगते. टोपीचे पान गाळून आलेल्या वाचकाला मात्र ती बातमी पार्टीतली एक कुजबुज वाटेल, आणि पाहुण्यांना सोडून क्लॅरिसा एका लहान खोलीत एकटी का थांबली, हे कळणारच नाही.