तासगावच्या सरांना उत्तर: विंडोजचं लायसन्स नेमकं असतं कुठे?

सर, नमस्कार.

विंडोजच्या लायसन्सवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही 'एक निवृत्त शिक्षक, तासगाव' अशी सही करून दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. चार ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सरांनी २०१८ साली सांगलीतून असेंबल्ड कंप्युटर घेतला. दुकानदाराने वरचे पाचशे रुपये घेऊन विंडोज १० टाकून दिली. सेटिंगमध्ये आजही 'अ‍ॅक्टिव्हेटेड' दिसतं, मग ती बेकायदा कशी, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा असा की बोर्ड (मदरबोर्ड, म्हणजे कंप्युटरचे सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) बदलल्यावर लायसन्स जात असेल तर ती उघड लूट आहे आणि मी त्या लुटीची वकिली करतो. सुनेच्या लॅपटॉपची विंडोजही एकाने फॉरमॅट मारून अशीच टाकून दिली, तीही चोरीची म्हणायची का, असं ते विचारतात. शेवटी त्यांनी लिहिलंय की घरी बसून पत्रं टाइप करणाऱ्या वयस्कर माणसांना कायद्याची भीती घालू नये.

बोर्डाच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. 'मदरबोर्ड बदलला की लायसन्स गेलं' असं सरसकट वाक्य मी लिहिलं होतं. तसं नसतं, आणि हे मला चांगलं माहीत असायला हवं होतं, कारण ऑगस्ट २०१९च्या पुरात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची, आणि त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर मारुती चौकातल्या एका व्यापाऱ्याच्या गाळ्यातून आम्ही दोन कंप्युटर चिखलासकट बाहेर काढले. एक मोठ्या कंपनीचा तयार डेस्कटॉप होता, दुसरा असेंबल्ड. दोन्हीचे बोर्ड गेले होते. दोन्हींत नवे बोर्ड बसवले.

असेंबल्डसाठी त्या गृहस्थांनी विंडोजचा डबा वेगळा विकत घेतला होता आणि तो माळ्यावर ठेवलेला होता, म्हणून वाचला. डब्यातल्या कार्डावर पाच-पाच अक्षरांच्या पाच गटांत लिहिलेली पंचवीस अक्षरांची 'की', म्हणजे विंडोजची किल्ली, होती. ती टाकली, इंटरनेटवरून नाही म्हणाली, मग फोनवरच्या यंत्रणेला भलामोठा आकडा सांगून अ‍ॅक्टिव्हेट झाली. याला रिटेल लायसन्स म्हणतात. ते माणसाचं असतं. एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतं, फक्त एका वेळी एकाच मशीनवर.

तयार डेस्कटॉपचं तसं झालं नाही. त्याच्या पेटीत डबा नव्हता, कार्ड नव्हतं. २०१२ साली विंडोज ८ आल्यापासून बहुतेक कंपन्या की कारखान्यातच बोर्डावरच्या चिपमध्ये लिहून ठेवतात. इन्स्टॉल करताना विंडोज ती तिथून गुपचूप वाचते, तुम्हाला काही टाइप करावं लागत नाही. सोय मोठी, पण बोर्ड बुडाला तशी कीसुद्धा बुडाली. याला ओईएम लायसन्स म्हणतात, ते मशीनचं असतं. वॉरंटीत त्याच कंपनीने खराब बोर्ड बदलून दिला तर ते चालू राहतं. पण आम्ही बाजारात मिळाला तो दुसराच बोर्ड बसवला होता, त्यामुळे ते संपलं.

ही लूट आहे का? कंपन्यांना हे लायसन्स स्वस्त पडतं ते याच अटीमुळे, आणि म्हणून तयार लॅपटॉपच्या किमतीत विंडोजचा भार कमी दिसतो. एवढं मान्य करूनही सांगतो, पुरात सगळं गेलेल्या माणसाला पुन्हा लायसन्स घ्यायला लावणारी अट मला तेव्हा पटली नव्हती आणि आजही पटत नाही. त्याहून जास्त मला हे सलतं की गल्ल्यावर कुणीच हा फरक सांगत नाही. तुमचा राग या जागी अगदी रास्त आहे. लेखातलं ते वाक्य मी आज बदललंय.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही शिक्षक होतात, म्हणून तुमच्याच कामातलं उदाहरण घेतो. एखादा मुलगा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन येतो. दाखल्यावर शिक्का आहे, सही आहे, सगळं बरोबर दिसतं. पण जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरला त्या मुलाची नोंदच नाही. तो दाखला तुम्ही खरा धरला असता का? अ‍ॅक्टिव्हेशन हा शिक्का आहे. लायसन्स ही रजिस्टरातली नोंद आहे, म्हणजे तुम्ही पैसे देऊन मिळवलेला वापराचा हक्क. शिक्का हक्कावरून उमटला पाहिजे, हक्क शिक्क्यावरून सिद्ध होत नाही.

मग खोटा शिक्का उमटतो कसा? विंडोज ९८पर्यंत की टाकली की काम भागायचं, मशीन बाहेर कुणाला काही विचारायचं नाही. २००१च्या एक्सपीपासून मशीनच्या भागांवरून एक आकडा तयार करून तो कीबरोबर मायक्रोसॉफ्टकडे तपासून घ्यायची पद्धत सुरू झाली, त्याला तीस दिवसांची मुदत असायची. मोठ्या संस्थांना मात्र सवलत होती. शेकडो मशीनना एकच की, आणि अ‍ॅक्टिव्हेशनची गरजच नाही. त्यातली एक की फुटली आणि जगभर सीडींवर फिरली. म्हणून पुढे व्हिस्टापासून संस्थांसाठी वेगळी व्यवस्था आली, तिचं नाव केएमएस. संस्थेच्या आत एक सर्व्हर असतो. निदान २५ मशीन त्याच्याकडे हजेरी लावतात तेव्हाच तो त्यांना मान्यता देतो, तीही १८० दिवसांपुरती. मशीन मधून मधून पुन्हा हजेरी लावतं आणि मुदत पुढे सरकते.

पाचशे रुपयांची करामत बहुतेक वेळा इथेच असते. तुमच्या एकट्या मशीनमध्ये एक लहान प्रोग्रॅम बसवला जातो आणि तो विंडोजला सांगतो की मीच तुझ्या संस्थेचा सर्व्हर आहे, तुझी हजेरी लागली. पोराने स्वतःच हजेरीपत्रकात स्वतःपुढे 'हजर' लिहावं, तसलं हे. विंडोज विश्वास ठेवते आणि पडद्यावर 'अ‍ॅक्टिव्हेटेड' दिसतं. दिसणारच.

तुमच्या मशीनवर हेच झालंय असं मी न बघता म्हणणार नाही. बघायला दोन मिनिटं लागतात. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, येईल त्या चौकोनात एसएलएमजीआर, मग एक जागा सोडून स्लॅश आणि डीएलआय अशी इंग्रजी अक्षरं टाइप करून एंटर करा. छोटी खिडकी उघडेल. त्यात 'व्हॉल्यूम' आणि 'केएमएस' हे शब्द दिसले, तर ते लायसन्स संस्थेसाठीचं आहे आणि घरच्या मशीनवर त्याचा काही संबंध नाही. डीएलआयच्या जागी एक्सपीआर टाइप केलंत तर मुदतीची तारीखही बहुधा दिसेल. उलट बाजूही सांगतो. तिथे 'रिटेल' दिसलं म्हणून लगेच निश्चिंत होता येत नाही, कारण अलीकडे तेही खोटं उमटवता येतं. शेवटी बिल बघावं लागतं. तुमच्या २०१८च्या पक्क्या बिलात 'विंडोज १० होम' किंवा 'प्रो' अशी वेगळी ओळ आणि तिची किंमत आहे का? फक्त 'सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन ५००' असेल, तर ते पैसे कामाचे होते, लायसन्सचे नव्हते. काहीशे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या कींचंही असंच. कुठल्यातरी संस्थेची किंवा भंगारातल्या मशीनची की असते ती. आज चालते, पुढे केव्हाही बंद केली जाते, आणि पैसे घेतलेला माणूस तोवर भेटत नाही.

यात तुमचा दोष मी एका अक्षरानेही मानत नाही, सर. तुम्ही पैसे देऊन घेतलंत. दोष ज्याने न सांगता टाकून दिलं त्याचा.

पण हे सगळं मी इतकं ताणून का धरतो, ते कंपनीच्या नफ्यासाठी नाही. मिरजेत एक झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. तिथे एका सकाळी सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर पैशाची मागणी आली. गावच्या लोकांची आधारकार्डं, सातबारे, पोरांचे जातीचे दाखले, सगळं त्यात होतं. मी बघायला गेलो तेव्हा अँटीव्हायरसच्या यादीत एक फोल्डर 'याकडे बघू नको' म्हणून नोंदवलेलं सापडलं. ते अ‍ॅक्टिव्हेशनच्या प्रोग्रॅमचं फोल्डर होतं. तो प्रोग्रॅम बसवतानाची पहिली पायरीच अँटीव्हायरस बंद करण्याची असते, नाहीतर तो त्याला उडवून लावतो. घात त्याच दारातून झाला असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण ते दार दोन वर्षं उघडं होतं आणि कुणी त्याकडे बघत नव्हतं. त्या दुकानदाराचा चेहरा आठवला की मला गप्प बसवत नाही. तुमच्या मशीनवर तुमची पेन्शन, बँकेचा पासवर्ड, आहेरांच्या याद्या, नातवंडांचे फोटो आहेत. मला काळजी त्यांची आहे.

सुनेच्या लॅपटॉपबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, आणि मला सगळ्यात जास्त वाईट त्या ओळीचं वाटलं. तुम्ही म्हणता तो कंपनीचा आहे आणि त्यात विंडोज १० आलेली होती. म्हणजे त्याच्या बोर्डावर की लिहिलेली असणार, ती तुमच्या पैशांची आहे आणि आजही तिथेच असणार. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या घरगुती लॅपटॉपमध्ये बहुधा 'होम सिंगल लँग्वेज' ही आवृत्ती असते. ज्याने फॉरमॅट मारला त्याने सवयीने 'प्रो' टाकली. प्रोला होमची की चालत नाही, म्हणून अ‍ॅक्टिव्हेट होईना, म्हणून त्याने तो प्रोग्रॅम चालवला आणि वर त्याचे पैसे घेतले. स्वतःच्या घराची किल्ली खिशात असताना खिडकी फोडून आत शिरण्यासारखं झालं हे. सांगली-मिरजेत असे लॅपटॉप माझ्याकडे दर महिन्याला येतात. लॅपटॉपच्या पाठीवर की शोधू नका. विंडोज ७च्या काळात तिथे पंचवीस अक्षरांचं स्टिकर असायचं, आता ते नसतं. अधिकृत इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवर घेऊन विंडोज पुन्हा टाकली की तो बोर्डावरची की वाचतो, बरोबर आवृत्ती स्वतःच निवडतो, आणि इंटरनेट लागलं की काम झालं. खर्च शून्य.

नवा लॅपटॉप घेताना एवढं मात्र बघा. काही मॉडेल 'डॉस' म्हणून, म्हणजे विंडोजशिवाय, चार-पाच हजारांनी स्वस्त मिळतात. त्यांच्या बोर्डावर की नसते.

कायद्याची भीती घालतो असं तुम्ही म्हणालात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ६३ बी मी लेखात नुसतं उल्लेखून सोडून दिलं होतं, ते पुरं सांगायला हवं होतं. जाणूनबुजून अनधिकृत प्रत वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. पण वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात नसेल, तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर थांबू शकतं. आणि 'जाणूनबुजून' हा शब्द महत्त्वाचा आहे. पत्रं लिहिणाऱ्या तुमच्यापेक्षा हे कलम मी मार्केट यार्डातल्या पेढ्या, क्लासेस आणि झेरॉक्सवाल्यांसाठी लिहिलं होतं. तसं स्पष्ट लिहायला हवं होतं, हेही खरं.

राहिला तुमचा २०१८चा कंप्युटर. त्यासाठी नवं लायसन्स विकत घ्या असं मी सांगणार नाही. विंडोज १०चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळवायची सोय आहे, पण ती खऱ्या लायसन्सवर. विंडोज ११ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि इंटेलचा बहुधा आठव्या पिढीचा तरी प्रोसेसर लागतो. तुमच्या कंप्युटरमधला आय-थ्री प्रोसेसर त्याआधीचा असेल तर तिथे पैसे घालू नका, विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट टाकू. त्यालाही लायसन्स असतं, फक्त ते तुम्हाला वापरायचा आणि दुसऱ्याला प्रत द्यायचा हक्क आधीच देऊन टाकतं, म्हणून अ‍ॅक्टिव्हेशन हा प्रकारच नाही. मराठी युनिकोडमध्ये टाइप करता ना? मग पत्रं तशीच लिहिता येतील. छपाईच्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली असतील तर मात्र आधी सांगा, त्या बदलून घ्याव्या लागतील आणि त्याला वेळ जातो.

पुढच्या रविवारी माझी तासगावला चक्कर आहे. ब्लॉगवरच्या पत्त्यावर एक निरोप टाका, मी घरी येतो. सुनेचा लॅपटॉप, त्याचा चार्जर आणि ८ जीबीचा एक रिकामा पेन ड्राइव्ह तयार ठेवा. नातवंडांचे फोटो मात्र त्याआधीच दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा, फॉरमॅटमध्ये ते जातील. आणि कंप्युटरचं बिल सापडलं तर तेही शोधून ठेवा.