‘तासभर बसवलं, वरून जास्तीचं बिल लावलं’: केंद्रचालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

संभाजीनगरहून तुळजापूरला दर्शनाला जाताना तुम्ही गेवराई-बीड रस्त्यावरच्या आमच्या चार्जिंग केंद्रावर थांबलात आणि एक तारा देऊन चार तक्रारी लिहिल्यात. पाटीवर ६० किलोवॅट (चार्जिंगचा वेग) असताना गाडीला २८ च मिळाले. बॅटरीत २९ युनिट गेले आणि बिल ३२ चं आलं. ८० टक्क्यांवर आमच्या कामावरच्या पोरानं गन, म्हणजे चार्जिंगची नळी, काढायला सांगितली. आणि वीज शेवटी परळीच्या औष्णिक केंद्रातल्या कोळशाचीच, मग ही विजेवरची गाडी म्हणजे निव्वळ थोतांड. मे महिन्यातली दुपार आणि सोबत लेकरं, म्हटल्यावर वैताग येणारच. पण चारही गोष्टींना उत्तर आहे, आणि या रस्त्यानं जाणाऱ्या दुसऱ्यांनाही ते कामाला येईल.

आमच्या यंत्राला दोन गन आहेत. एकच गाडी लागली तर साठ तिला, दोन लागल्या तर तीस-तीस. तसं यंत्रावर मराठीत लिहिलेलं आहे. तुम्ही आलात तेव्हा दुसरी गन चालू होती. शिवाय यंत्र फक्त वरची मर्यादा ठरवतं, त्यातली किती वीज ओढायची हे तुमच्या गाडीतली बॅटरी सांभाळणारी प्रणाली ठरवते. बेचाळीस अंशांच्या उन्हात गाडी पळवून आणली की बॅटरी तापलेली असते, आणि तापलेली बॅटरी स्वतःच हात आखडता घेते. नाही घेतला तर तिचं आयुष्य कमी होईल.

बिलाचं म्हणाल तर, तासभर तुम्ही सगळे एसी लावून गाडीतच बसला होतात. तो एसी आणि बॅटरी थंड ठेवणारी यंत्रणा आमच्याच विजेवर चालली, थोडी वीज उष्णतेत गेली. मीटर गनमधून निघालेलं युनिट मोजतं, बॅटरीत पोचलेलं नाही. बावीस रुपयांनी ३२ युनिट आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे साधारण ८३० रुपये झाले. घरच्यापेक्षा हा दर जास्त आहे, खरंय. गाडी येवो न येवो, वीज कंपनीनं मंजूर केलेल्या भाराचा स्थिर आकार दर महिन्याला भरावा लागतो. तरीही त्या २९ युनिटांत गाडी दोनशे किलोमीटरच्या आसपास जाते. तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीला तेरा लिटर तरी लागलं असतं. लिटरचा भाव तुम्हाला ठाऊक आहे.

गन काढायला सांगितली, कारण मागे दोन गाड्या उभ्या होत्या आणि त्यातल्या एकीत आठ टक्केच उरले होते. रिकाम्या एसटीत माणसं पटापट बसतात, शेवटच्या चार जागांसाठी कंडक्टरला प्रत्येकाला सरकवत बसावं लागतं. बॅटरीतही तसंच होतं. ऐंशीनंतर वेग पार खाली येतो. आमच्या इथून तुळजापूर दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि ऐंशी टक्क्यांत तुमची गाडी तिथं आरामात पोचते. पोरानं जे केलं ते मी सांगितलेलं आहे आणि पुढंही तसंच करायला सांगणार.

आता परळी. यावर जरा सविस्तर बोलतो, कारण हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. देशातली बहुतांश वीज आजही कोळशावर होते, आणि औष्णिक केंद्रात कोळशातली जवळजवळ दोन तृतीयांश उष्णता वाया जाते. हे दोन्ही खरं. पण पेट्रोलचं इंजिनही इंधनातली साधारण पाव हिस्साच ऊर्जा चाकांपर्यंत पोचवतं. एक लिटर पेट्रोल जळालं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे शंभर किलोमीटरच्या साडेसहा लिटरला पंधरा किलो. आपल्या विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो धरा. गळती धरून शंभर किलोमीटरला सतरा युनिट लागले तरी बारा किलो. आज फरक एवढाच आहे, मी तो फुगवून सांगत नाही. पण पेट्रोलची गाडी पंधरा वर्षं तेवढाच धूर सोडत राहील, आणि ग्रिडमध्ये, म्हणजे देशाच्या वीजजाळ्यात, सौर वीज वाढेल तशी तुमची हीच गाडी काही न बदलता स्वच्छ होत जाईल. त्यात आपला देश कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो.

आणि परळीचा विषय निघालाच आहे तर २०१५ आठवा. दुष्काळात पाणी नाही म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा रेल्वेनं आणता येतो, पाणी कुठून आणणार? सौर पॅनलला लागतं ते धुण्यापुरतं. शेतीला दिवसा वीज देण्याच्या योजनेतला सौर प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात २०२४ मध्ये सुरू झाला. आपल्याकडं पाऊस दगा देतो, ऊन देत नाही. आमच्या शेडवरही २० किलोवॅटची पॅनल आहेत. दिवसाला दोन-तीन गाड्यांपुरती वीज त्यातून निघते. थोडी आहे, पण ती याच उन्हाची आहे.

पुन्हा या रस्त्यानं जाणं झालं तर सकाळी दहाच्या आत या, तेव्हा दुसरी गन बहुधा मोकळी असते. निघण्याआधी ॲपवर दोन्ही गन बघून घ्या. गाडी लावली की एसी बंद करून लेकरांना शेडमध्ये आणा, तिथं पंखे आहेत, माठातलं पाणी आहे. पंधरा ते ऐंशी टक्क्यांना किती वेळ लागला ते मोजा, आणि जो लागेल तो इथंच लिहा.