गोदावरीला ग्रेडियंट द्या

परीक्षा पंधरा दिवसांवर आली की शहाण्या माणसाने माइंड मॅपची, म्हणजे मध्यभागी विषय आणि भोवती फांद्या अशा नकाशाची, थीम बदलायला घ्यावी. त्याआधी घेऊ नये. आधी वेळ भरपूर असतो, काम डोकं शांत ठेवून पटकन उरकतं आणि मग नाइलाजाने पुस्तक उघडावं लागतं.

हा सल्ला नाशिकच्या कॉलेज रोडपासून गंगापूर रोडपर्यंतच्या तमाम अभ्यासिकांमधल्या मुलामुलींसाठी आहे. महिन्याचे पैसे भरून तुम्ही खुर्ची, प्लगपॉइंट आणि वायफाय घेतलेलं असतं. पुस्तकाला यातलं एक खुर्ची सोडली तर काही लागत नाही, म्हणजे दोन तृतीयांश पैसे पाण्यात. शिवाय पुस्तक वाचणारा माणूस लांबून झोपल्यासारखा दिसतो. माइंड मॅप रंगवणारा मात्र कामात बुडालेला दिसतो: माउस चालू, कपाळाला आठ्या, स्क्रीनवर आठ हात फुटलेलं काहीतरी रंगीत. चहाला निघालेला माणूसही मागे थबकून म्हणतो, "भारी झालंय रे, मला पण पाठव." अभ्यास सुरू व्हायच्या आत त्याला मागणी आली की नाही?

नमुन्यादाखल आपण गोदावरी घेऊ. नाशिककराला तिच्याविषयी वेगळं काही वाचावं लागत नाही, अशी आपली घट्ट समजूत आहे. आपण तिला गोदावरी म्हणतही नाही; गंगा म्हणतो आणि 'गंगेवर जाऊन येतो'. पण स्पर्धा परीक्षेच्या भूगोलात ती गोदावरी याच नावाने येते. त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगम, लांबी १४६५ किलोमीटर, उपनद्या दारणा, कादवा, प्रवरा, पूर्णा, मांजरा, प्राणहिता, इंद्रावती, शबरी. पाठकोऱ्या कागदावर दहा मिनिटांत मावेल एवढाच ऐवज. त्याचा आपल्याला आठवडा करायचा आहे.

सुरुवात मध्यापासून करा. माइंड मॅप लोकप्रिय केला तो टोनी बुझान या इंग्रज गृहस्थांनी. १९७४ साली बीबीसीवर त्यांचा कार्यक्रम झाला तेव्हापासून. त्यांचे नियम साधे होते. मध्यभागी चित्र, त्यात किमान ३ रंग. फांद्या वळणदार, मुळाशी जाड, टोकाला बारीक. आणि एका फांदीवर एकच शब्द. यातला शेवटचा नियम तेवढा विसरा. एकच शब्द लिहायचा तर अख्खा परिच्छेद वाचून त्यातला नेमका शब्द कोणता हे ठरवावं लागतं, म्हणजे फिरून अभ्यासच. त्यापेक्षा पीडीएफमधला परिच्छेद उचला आणि नोडमध्ये, म्हणजे फांदीवरच्या चौकटीत, चिकटवा. नोड फुगेल, फुगू द्या. त्याच्या कडा गोल करा, खाली हलकी सावली टाका. आता तो कोणी वाचणार नाही, सगळे बघतील, आणि आपल्याला तेच हवं आहे. चित्रांचे आणि रंगांचे नियम मात्र कसोशीने पाळा, किंबहुना वाढवून पाळा.

रंगांच्या बाबतीत सॉफ्टवेअर फार अरसिक असतं. एका मुख्य फांदीला एक रंग देतं आणि तिच्या सगळ्या पोटफांद्यांना तोच लावत सुटतं. कारण काय, तर लांबूनही कळावं की वैनगंगा, वर्धा, पैनगंगा ही सगळी मंडळी प्राणहितेच्या घरची आहेत. असा सरसकट कारभार चालू देऊ नका. प्रत्येक नोडवर जाऊन स्वतंत्र रंग निवडा. प्रवरेला जांभळा शोभतो, दारणेला पोपटी. पैनगंगेला कोणता, यावर मित्राचं मत घ्या. त्याचीही संध्याकाळ सत्कारणी लागेल. मुख्य प्रवाहाला निळ्यातून हिरव्यात जाणारा ग्रेडियंट द्या आणि पैठणच्या पुढे तो नेमका कुठे बदलावा याचा विचार करत झोपी जा. महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं यांतला फरक फक्त लाल आणि हिरव्याने दाखवा, म्हणजे ज्यांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत त्यांना तुमचा नकाशा खऱ्या अर्थाने समतावादी वाटेल. वेबपानांसाठी असा निकष आहे की मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावं. पांढऱ्यावर लिंबासारखा पिवळा घेतला की ते १ च्या जवळ येतं. अक्षरं असतात, पण उगाच पुढेपुढे करत नाहीत.

आता फॉन्ट. इथे मराठी माणसाला जी संधी आहे ती इंग्रजीवाल्यांना सात जन्मांत मिळायची नाही.

फॉन्टची यादी उघडा. हस्ताक्षरासारखे, खडूसारखे, जुन्या टंकयंत्रासारखे कितीतरी फॉन्ट दिसतील. एकेक लावून बघा. दुपारची संध्याकाळ होते, यादी संपत येते आणि तुमचं 'मांजरा' जसं होतं तसंच ढिम्म. कारण उघड आहे: त्यातल्या बहुतेकांमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात, त्यामुळे सॉफ्टवेअर न बोलता यंत्रातला दुसराच कुठला तरी फॉन्ट वापरतं. मुक्ता, बलू, नोटो असे देवनागरीसह बनवलेले फॉन्ट फुकट मिळतात, पण ते उतरवून घेतले की प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. म्हणून ते नको.

मग अक्षरांमधलं अंतर वाढवा. इंग्रजीत त्याने श्रीमंती येते. आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि 'प्राणहिता' सीबीएसवर बसची वाट पाहणाऱ्या चार अनोळखी माणसांसारखी उभी राहते. चौकटीची उंची कमीत कमी ठेवा. मराठी अक्षराला वर वेलांटी नि रफार, खाली उकार लागतो, याची इंग्रजी मापाच्या चौकटीला कल्पना नसते. खालून कापलं तर 'पूर्णा'ची पर्णा होते, वरून कापलं तर पूणा, आणि दोन्हीकडून कापलं तर गोदावरीला पणा नावाची नवीनच उपनदी मिळते. भूगोलात इतकी मोलाची भर घालायला एरवी डॉक्टरेट करावी लागते.

कोणाच्या जुन्या नोट्स मिळाल्या आणि त्या युनिकोडच्या आधीच्या, डीटीपीवाल्यांच्या फॉन्टात असल्या तर डोळे मिटून चिकटवा. तुमच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट असेल तर मजकूर झकास दिसेल. सेमिनार हॉलच्या कॉम्प्युटरवर नसेल तर तिथे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच पडेल. श्रोते तो कोड समजून आदराने बघतील, विशेषतः इंजिनिअरिंगचे.

आयकॉनबद्दल फार सांगायला नको. जिथे शब्द पुरतो तिथे आयकॉन टाका, जिथे आयकॉन पुरतो तिथे दोन.

रचनेचा मेनू मात्र वेळ काढून बघण्यासारखा आहे. एका क्लिकवर माइंड मॅपचा वृक्ष होतो, कालरेषा होते, कंपनीचा पदसोपान होतो, माशाचा सांगाडा होतो. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत काम केलेल्या कुणालाही विचारा, तो सांगाडा जपानच्या काओरू इशिकावा यांच्या नावाने ओळखला जातो आणि माल नापास का झाला याची कारणं शोधायला वापरतात: माणूस, यंत्र, साहित्य, पद्धत. म्हणजे रचना बदलली की अर्थ बदलतो, असं त्या लोकांचं जुनाट मत आहे. तुम्ही गोदावरी त्या सांगाड्यात ओता. प्राणहिता, इंद्रावती, शबरी ही आता गोदावरी बिघडण्याची कारणं होतील. पदसोपानात टाकलं तर ब्रह्मगिरी मॅनेजिंग डायरेक्टर आणि कादवा सुपरवायझर. कोणती रचना छान दिसते तीच ठेवा. नदीला कुणी विचारलेलं नाही.

समजा शेवटी नेहमीच्याच रचनेवर परत आलात, तरी निराश होऊ नका. तिथेही सोय आहे. सॉफ्टवेअर बहुधा फांद्या दोन्ही बाजूंना समसमान वाटतं. आठ उपनद्या असतील तर पहिल्या चार उजवीकडे, उरलेल्या चार डावीकडे. वरच्या क्रमाने लिहिल्या तर दारणा, कादवा, प्रवरा, पूर्णा उजवीकडे जातात आणि मांजरा, प्राणहिता, इंद्रावती, शबरी डावीकडे. चित्र कसं तोलून धरल्यासारखं. आता भूगोलवाल्यांचं म्हणणं असं की तीर प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ठरवायचा. गोदावरी पूर्वेला वाहते, तेव्हा दक्षिणेकडून येणाऱ्या दारणा, प्रवरा, मांजरा उजव्या तीराच्या आणि उत्तरेकडच्या बाकी पाच डाव्या. तीन आणि पाच! दिसायला किती वाईट. आपल्या मॅपमध्ये कादवा, पूर्णा आणि मांजरा यांनी तीर बदलला खरा, पण समतोल साधला. हे चित्र रोज रात्री झोपण्यापूर्वी डोळ्यांसमोर आणा. दृश्य स्मृती फार पक्की असते म्हणतात.

इथे एक धोक्याची सूचना. २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात कार्पिके आणि ब्लंट या दोघा अमेरिकन संशोधकांचा एक निबंध आला. काही विद्यार्थ्यांनी मजकूर समोर ठेवून संकल्पनांचे नकाशे काढले (माइंड मॅपची चुलत भावंडंच ती), तर काहींनी मजकूर मिटून आठवेल ते लिहून काढलं, पुन्हा वाचलं, पुन्हा लिहिलं. आठवड्याने परीक्षा घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. गंमत म्हणजे विद्यार्थ्यांचा स्वतःचा अंदाज याच्या उलट होता. यातून काही शिकू नका. उद्या कोणी म्हणेल, मॅप मिटा आणि कोऱ्या कागदावर तोच पुन्हा काढून बघा. कोऱ्या कागदाला थीम नसते.

सादरीकरणाच्या दिवशी डार्क मोडच लावा. लॅपटॉपवर तो काळाशार आणि भारदस्त दिसतो. प्रोजेक्टरला मात्र काळा प्रकाश फेकता येत नाही, त्यामुळे दिवे चालू असलेल्या हॉलमध्ये तुमचा काळा रंग पडद्याच्या रंगाचाच, म्हणजे मळकट पांढरा होतो आणि त्यावरच्या नाजूक रेघा विरघळून जातात. दिवे घालवायला सांगा. आता मागच्या तीन रांगा झोपतील, म्हणजे प्रश्न विचारणारे तेवढेच कमी. फांद्या मिटवून ठेवायची आणि बोलण्याच्या ओघात एकेक उघडायची सोय जवळपास सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असते. तिला हात लावू नका. सगळा मॅप पहिल्याच क्षणी पडद्यावर येऊ द्या, अक्षरं मुंगीएवढी होतील. मग झूम करा, उजवीकडे जा, झूम काढा, "एक मिनिट हं" म्हणा, पुन्हा झूम करा. पुढच्या बाकावरच्यांना थोडं गरगरेल. तुमच्या कामाची खोली ती हीच.

एवढा मोठा विषय एका नजरेत कळेल असं काही करावं, असा मोह या टप्प्यावर होऊ शकतो. आपल्या गावात तसं एक उदाहरण आहे आणि ते सर्वथैव टाळण्यासारखं आहे: रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक एवढंच विचारतं, पाणी मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्यापर्यंत म्हटलं की लोक बघायला जातात. गळ्यापर्यंत म्हटलं की भांडी बाजार आणि सराफ बाजार माल वर हलवायला लागतो. ना थीम, ना रंगांची सूची, ना ॲनिमेशन. एक शेंदरी मूर्ती नि एक पाण्याची रेघ, आणि अडाण्यापासून आयुक्तांपर्यंत सगळ्यांना कळतं. असलं काही पडद्यावर दाखवलंत तर सादरीकरण दोन मिनिटांत संपेल आणि उरलेली तेरा मिनिटं तुम्हाला गोदावरीवर बोलावं लागेल.

फुकटातल्या आवृत्तीचा वॉटरमार्क कोपऱ्यात राहिला असेल तर त्यावर कॉलेजचा लोगो ठेवा, थोडा तिरका. पीडीएफमध्ये एक्स्पोर्ट करताना पान ए-फोरच निवडा, म्हणजे शबरीचा निम्मा भाग दुसऱ्या पानावर जाईल आणि छापील प्रत मागणाऱ्यांना चिकटपट्टीही लागेल.

राहता राहिले सर. टाळ्या पडतील, कोणी तरी टेम्प्लेटची लिंक मागेल, आणि तेवढ्यात सर चष्मा वर सरकवत विचारतील, "छान. पण मांजरा कोणत्या तीराला मिळते?" गडबडू नका. आत्मविश्वासाने पडद्याकडे वळा, मांजरेवर कर्सर न्या आणि सांगा, "सध्या डाव्या, सर. पण ती ड्रॅग करता येते."