पाकिटावर पान काढलं म्हणून डायपर हिरवा होत नाही

डोकं फिरलंय माझं. लेकीसाठी डायपरचं पाकीट आणायचं, एवढंच काम. पण त्यातल्या त्यात निसर्गाला कमी त्रास देणारा घेऊ असं एकदा ठरवा, मग बघा. कोणी म्हणून धड उत्तर देत नाही.

नागपुरात धरमपेठेतल्या दुकानात एक अख्खी फळी हिरव्या पाकिटांची आहे. प्रत्येकावर पान. समोर ठळक अक्षरांत इको-फ्रेंडली, नॅचरल, प्लांट बेस्ड, टॉक्सिन फ्री. किंमत साध्या डायपरच्या दीडपट, काहींची दुप्पट. मागची बाजू वाचायला मात्र मोबाइलने फोटो काढून मोठा करावा लागतो. आणि मोठा करून दिसतं काय? ‘सॉफ्ट टॉपशीट, अ‍ॅब्सॉर्बंट कोअर, लीकप्रूफ बॅकशीट.’ अरे पण कशाचं बनवलंय ते? कापसाचं, लगद्याचं की प्लास्टिकचं? दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर मैदा, साखर, तेल सगळं लिहिलेलं असतं. आणि जी वस्तू माझ्या पोरीच्या अंगाला रात्रभर चिकटून असते, तिच्यात काय आहे हे विचारलं तर दुकानदार म्हणतो, “ताई, पूर्ण नॅचरल आहे, सगळे हाच नेऊन राहिले.” आत जेल कशाची आहे, विचारलं. “जेल नाही ताई, बांबू आहे!”

बरं. घरी आले, एक साधा आणि एक बांबूवाला असे दोन कोरे डायपर घेतले आणि कात्रीने उभे चिरले. वर पातळ, मऊ पांढरा थर. खाली लाकडाच्या लगद्याची गादी. ती झटकली तर दोन्हींतून सारखेच बारीक पांढरे कण खाली पडले. वाटीत घालून पाणी ओतलं, तर बघता बघता फुगून वाटीभर घट्ट थलथलीत गोळा. हीच ती जेल, सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. पेट्रोलियमपासून बनतं. साध्या पाण्यात स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी पितं, लघवीतल्या क्षारांमुळे त्याहून बरंच कमी, पण डायपरला तेवढं पुरतं. सगळ्यात खाली पातळ प्लास्टिकचा कागद, कडेला इलॅस्टिक, जागोजागी गोंद. म्हणजे बांबू होता तो फक्त त्वचेला लागणाऱ्या वरच्या थरात. त्या एका थरासाठी दुप्पट पैसे, आणि पाकिटावर बांबूचं अख्खं बेट!

जेलवर माझा राग नाही. तिच्यामुळेच पोर रात्री कोरडी झोपते. मेमध्ये कूलरच्या दमट हवेत आधीच मांड्यांच्या घडीत घामोळ्या येतात, तिथे ओलं राहिलं तर कातडी सोलून निघते. जेल आहे तर आहे म्हणा. लपवता कशाला?

आणि बांबूचं कौतुक आम्हा विदर्भातल्या लोकांना सांगता? गडचिरोली-चंद्रपूरचा बांबू आम्ही पाहिलेला आहे, बुरडाच्या हातचं सूप वापरलेलं आहे, पावसाळ्यात वास्त्याची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी खाल्लेली आहे. डायपरमधला बांबू म्हणजे बहुतेक वेळा व्हिस्कोस. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडमधून काढून त्याचा धागा करतात. करा ना, पण मग ते ‘निसर्गातून थेट बाळापर्यंत’ वगैरे लिहू नका. क्लोरीन फ्रीची तीच गत. लगदा पांढरा करायच्या एका पद्धतीत क्लोरीनचा कुठलाच प्रकार वापरत नाहीत, दुसरीत क्लोरीन वायूऐवजी क्लोरीन डायऑक्साइड वापरतात. यातली कोणती, ते पाकिटावर नाही.

सगळ्यात संतापजनक शब्द म्हणजे बायोडिग्रेडेबल. एका पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘१०० टक्के बायोडिग्रेडेबल’, आणि खाली अगदी बारीक ‘पॅकेजिंग’. म्हणजे वरची पिशवी! डायपर नाही, पिशवी! झोपेला पारखी झालेली आई हातात पोर घेऊन उभी आहे, ती खालचा शब्द वाचणार नाही, हे ठाऊक असूनच तो तिथे छापलाय.

आणि समजा एखादा खरंच कुजणारा निघाला. कुजणार कुठे? कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या प्लास्टिकची कसोटी आहे ती औद्योगिक कंपोस्टिंगची. साधारण ५८ अंश तापमान, ओलावा आणि हवा सतत मिळाली तर १८० दिवसांत ९० टक्के विघटन. नागपूरचं ४५ अंशांचं ऊन त्यासाठी चालत नाही. घरच्या कुंडीत हे करायचं नाही, त्यात शी असते, जंतू असतात. आमच्या गल्लीतून डायपर कचऱ्याच्या गाडीत जातो आणि गाडी जाते भांडेवाडीच्या कचरा डेपोला. तिथे ढिगाखाली दाबला गेला की बांबूवाला काय आणि साधा काय. दुप्पट पैसे मोजून मी भांडेवाडीला नेमकं काय वेगळं पाठवलं, ते मला कोणी सांगा.

गाडीवरची मावशी आमचा कचरा हाताने निवडते. तिच्या हाताला उघडा डायपर लागू नये म्हणून मी शी संडासात टाकते, घडी घालून कागदात गुंडाळते, वर लाल खूण करते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कंपन्यांना सांगितलं होतं की वस्तू पूर्ण पुनर्वापर होईल अशी बनवता येते का बघा, नाहीतर प्रत्येक डायपरमागे टाकण्यासाठी एक पिशवी पाकिटातच द्या. पिशवी! मी आजवर आणलेल्या महागड्या हिरव्या पाकिटांपैकी एकातही ती निघाली नाही. पृथ्वी वाचवायच्या गप्पा आणि मावशीच्या हातासाठी एक साधी पिशवी द्यायला जीव जातो यांचा.

आता कोणीतरी येईलच सांगायला, “लंगोट वापरा ना, आमच्या वेळी कुठे होते डायपर?” वापरते हो. दिवसा लंगोटच असतात, उन्हाळ्यात गच्चीवर घटकाभरात कडकडीत वाळतात. पण जुलै-ऑगस्टमध्ये घरभर दोऱ्या बांधूनही कुबट वास जात नाही. पाळणाघरवाल्या ताई लंगोट घेत नाहीत. आणि सल्ला देणाऱ्यांपैकी एकही जण धुवायला येत नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा हिरव्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ग्रीन, इको-फ्रेंडली असे मोघम शब्द वापरायचे तर सोबत नेमका खुलासा आणि पुरावा हवा. दावा पूर्ण वस्तूचा आहे, एखाद्या भागाचा की पॅकिंगचा, हेही सांगायला हवं. खुलासा क्यूआर कोडवर दिला तरी चालतो. मी केला स्कॅन. कंपनीची वेबसाइट उघडली, तिच्यावर परत तेच हिरवं पान, तेच झोपलेलं बाळ आणि ‘आता खरेदी करा’.

मला फार काही नको आहे. वरचा थर कशाचा, गादीत लगदा किती आणि जेल किती, खालचा कागद प्लास्टिकचा की आणखी कशाचा, कुजतो म्हणता तर कोणत्या ठिकाणी आणि किती दिवसांत, प्रमाणपत्र कोणाचं. चार ओळी. मराठीत लिहिल्या तर माझ्या सासूबाईही वाचतील. दीडपट पैसे द्यायला मी तयार आहे हो, पण कशाचे देतेय ते कळू द्या. पाकिटाचे पुढचे-मागचे फोटो आणि बिल काढून ठेवलंय. उद्या १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला फोन लावते. तुमच्याकडेही असं ‘पॅकेजिंग’ बारीक छापलेलं पाकीट असेल तर फेकू नका, फोटो काढा आणि तुम्हीही लावा.