दगदगीआड लपणारा थकवा : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

सतत जाणवणाऱ्या थकव्याविषयीच्या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : पहाटे पावणेपाचला उठून, सकाळचा स्वयंपाक आणि डबे उरकून बदलापूरहून लोकलने फोर्टातल्या कचेरीत जाणाऱ्या आणि रात्री आठला परतल्यावर पुन्हा ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बाईला ‘रात्री लवकर झोपा, संध्याकाळी अर्धा तास चाला’ असे सांगणे म्हणजे तिच्या कष्टांची दखलच न घेणे होय, शिवाय तिचा थकवा हा आजार नसून तिच्या दिवसाची बेरीज आहे, त्यासाठी डॉक्टरकडे जाण्याचे कारण नाही. यातला पहिला मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. दुसरा मान्य नाही.

लेख लिहिताना मी असे गृहीत धरले होते की, वाचणाऱ्याचा वेळ त्याच्या स्वतःच्या हातात असतो. ते चुकीचे होते. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे देतात असे आढळले होते. म्हणजे बाईच्या वाट्याला जवळजवळ पाच तास येतात, आणि त्यात नोकरीचे व प्रवासाचे तास धरलेलेच नाहीत. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. पावणेपाचला उठायचे असेल तर पावणेदहाला डोळा लागायला हवा, आणि आठला घरात पाऊल ठेवणाऱ्या बाईला हे साधायचे असेल तर रात्रीची भांडी, दुसऱ्या दिवसाची भाजी निवडणे, कणीक भिजवणे यांतले काहीतरी घरातल्या दुसऱ्या माणसाने उचलावेच लागते. त्यामुळे लवकर झोपण्याचा तो सल्ला मी त्या बाईला नव्हे, तर तिच्या घरातल्या इतरांना द्यायला हवा होता. मूळ लेखातील तो परिच्छेद मी आज बदलला आहे.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे येते. दगदग खरी असते, म्हणूनच तिच्याआड आजार लपतो. थकण्याचे एक कारण डोळ्यांसमोर ढळढळीत दिसत असले की दुसरे कारण शोधण्याची गरज आपल्यालाही वाटत नाही आणि तपासणाऱ्यालाही वाटत नाही. हे मी स्वतः अनुभवले आहे. चाळिशीत सुमारे दोन वर्षे दादर स्थानकाचा जिना चढताना मला मध्येच कठड्याला धरून थांबावे लागत असे. केस गळत होते, संध्याकाळी डोके जड होत असे, आणि मुलांवर विनाकारण चिडत होते. शाळेची नोकरी, घर आणि सासूबाईंचे आजारपण ही कारणे इतकी उघड होती की मी दुसरा विचारच केला नाही. ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनीही ‘दगदग कमी करा’ असे सांगून शक्तीचे औषध लिहून दिले. पुढे वेगळ्याच निमित्ताने रक्त तपासले गेले तेव्हा हिमोग्लोबिन ८.४ निघाले. कित्येक महिने पाळीत रक्तस्राव फार होत होता, आणि त्याचा थकव्याशी संबंध असेल असे माझ्या मनातही आले नव्हते.

माझी गोष्ट अपवादात्मक नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात. तो वाढला की शरीराच्या पेशींना पुरेसा प्राणवायू पोहोचवण्यासाठी हृदयाला अधिक वेगाने काम करावे लागते आणि साध्या चढणीवरही धाप लागते. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा आटलेला असू शकतो आणि तेवढ्यानेही थकवा येतो. तो साठा फेरिटिनच्या तपासणीत कळतो. थायरॉइड मंदावणे, बी-१२ कमी असणे (शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हे बरेचदा आढळते) आणि घोरताना श्वास अडखळल्यामुळे रात्रभर झोपूनही विश्रांती न मिळणे, ही कारणेही डॉक्टरांनी पाहायला हवीत. मन खचलेले असतानाही शरीर असेच थकते, आणि तेही डॉक्टरांना सांगण्यात कमीपणा नाही.

आपण लिहिले आहे की दिवसातले पाच-सहा चहा हाच आपला आधार आहे. तो सोडा असे मी म्हणणार नाही, पण त्याची वेळ बदलता येईल. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा पालेभाजी-कडधान्यांतले लोह शरीरात शोषले जाण्याच्या आड येतो, म्हणून मध्ये तास-दीड तास जाऊ द्यावा. उलट त्याच जेवणात लिंबू पिळले तर लोह अधिक मिळते. चहातले कॅफिन कित्येक तास शरीरात राहते, त्यामुळे परतीच्या गाडीआधीचा चहा रात्रीच्या आधीच तोकड्या झोपेतून वाटा घेतो.

मात्र रक्तक्षय एकदा झाला की तो केवळ आहाराने लवकर भरून निघत नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर शौचाला काळे होते, काहींना बद्धकोष्ठ होते, आणि अनेक जणी घाबरून गोळ्या बंद करतात. मीही तिसऱ्या आठवड्यात तेच केले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. काळा रंग गोळीमुळेच येतो. त्रास होत असेल तर डॉक्टर गोळी बदलून देतात. हिमोग्लोबिन काही आठवड्यांत वाढू लागते, पण साठा भरायला त्यापुढेही काही महिने लागतात. रक्त कशामुळे जात आहे हे शोधणेही तितकेच आवश्यक असते.

प्रतिक्रियेच्या अखेरीस आपण ओघात लिहून गेला आहात की अलीकडे पूल चढताना धाप लागते, पण तिकडे बघायला वेळ नाही. आपल्या साऱ्या मजकुरात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती या वाक्याची. आपल्याला शनिवारी अर्धा दिवस असतो असेही आपण लिहिले आहे. हिमोग्लोबिन पाहण्यासाठीच्या सीबीसी तपासणीला उपाशी राहावे लागत नाही, त्यामुळे त्या दिवशी कामावरून परततानाही रक्त देता येईल.