जीप वर, दांड्या खाली

जुनी जीप दोन इंच उचलून घेताना एक साधा हिशोब कोणी सांगत नाही. बॉडी वर जाते, बॉडीवरची सीट वर जाते, सीटवरचा माणूस वर जातो. गिअरबॉक्स मात्र चॅसीवर होता तिथेच बसून राहतो आणि त्यातून निघालेल्या दांड्याही त्याच्याच बाजूने राहतात. काल जिच्यावर हात आपसूक पडत होता, त्या गिअरच्या दांडीला आज चालत्या गाडीत वाकून नमस्कार करावा लागतो.

नुसत्या स्प्रिंगा उंच केल्या असत्या, तर ही वेळ आली नसती. तेव्हा बॉडी, गिअरबॉक्स आणि मालक सगळे एकत्र चढतात. पण मोठे टायर बसवायचे तर मडगार्डखाली जागा हवी, आणि त्यासाठी चॅसी आणि बॉडीच्या मध्ये नायलॉनचे ठोकळे घालावेत, असं मेस्त्रींचं मत पडलं. "दोन इंच उचलूया, भाऊ. कायएक होवचा नाय." आमच्या मुलखात "कायएक होवचा नाय" कानावर आलं की शहाण्याने चावी परत खिशात टाकावी.

मोठे टायर चैनीसाठी नव्हते. आमची कलमं देवगडच्या सड्यावर. तिथली वाट म्हणजे उघडा कातळ, त्यावर सुटे धोंडे आणि मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा. जाताना गाडी रिकामी, येताना आंब्याच्या पेट्यांनी भरलेली, आणि वाटेतल्या एका धोंड्याचं आमच्या डिफरन्शियलशी, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मध्ये खाली लोंबणाऱ्या गोळ्याशी, जुनं वैर. ठोकळे बसवून झाल्यावर मेस्त्री शांतपणे म्हणाले की बॉडी उचलल्याने डिफरन्शियल तसूभरही उठत नाही. ते उठतं टायरमुळे, आणि तेही टायरचा व्यास जेवढा वाढला त्याच्या निम्मं. म्हणजे दोन इंच वर गेलो तो मी. धोंड्याला त्यातलं काही मिळालं नाही.

क्लच-ब्रेकची पेडलंही पत्र्यातून वर येणारी, तीही खाली गेली. ती मात्र मेस्त्रींनी त्याच दिवशी उंच करून दिली. ब्रेक लागला नाही तर पहिली त्यांच्या गॅरेजची भिंत जाणार होती. स्टिअरिंगचा सांधा, डिझेलची नळी, अर्थिंगची वायर हेही जुळलं. उरल्या दांड्या.

एक असती तर निभावलं असतं. महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारास विलीजच्या जीपा मुंबईत जोडायला घेतल्या, त्या घराण्यातली ही आमची गाडी. तिला दांड्या तीन. एक गिअरची, एक पुढची चाकं इंजिनाला जोडायची आणि एक हाय-लोची, म्हणजे वेग हवा की जोर ते ठरवायची. यांच्यात मानपान आहे. आधी पुढची चाकं जोडायची, मगच लो पडतो. लोमध्ये जोर एवढा वाढतो की तो सगळा एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर पडू नये, म्हणून ही आतली सोय. बाबा असल्याच जीपवर गाडी शिकले, त्यामुळे या विषयावर ते न विचारता बोलतात.

खरी गोम पत्र्यातल्या भोकात होती. दांडी तळाशी थोडी हलते आणि वर जावं तशी जास्त. पत्रा दोन इंच वर गेला, म्हणजे तो दांडीला आता जास्त हलणाऱ्या जागी भेटतो, आणि भोक मात्र जुन्याच मापाचं. लो टाकायला जावं तर दांडी भोकाच्या कडेला अडते, आतले दात अर्धेच धरतात आणि भरल्या गाडीने चढ लागला की दांडी सटकून न्यूट्रलमध्ये येते. ती न्यूट्रलला गेली की गिअरबॉक्समध्ये फर्स्ट असून नसल्यासारखा. इंजिन बोंबलतं आणि गाडी निवांत मागे निघते.

मेस्त्रींनी ग्राइंडर घेतला आणि भोक मोठं केलं. दांड्या मोकळ्या झाल्या, आणि त्या वाटेने इंजिनाची धग, सड्याची लाल धूळ आणि व्हाळातलं पाणीही मोकळेपणाने आत यायला लागलं. भोक झाकणारा जुना रबरी बूट नव्या मापाला पुरेना, तेव्हा मेस्त्रींनी ट्रकच्या ट्यूबचा शिवून दिला.

"पत्रो कापतस कित्याक? दांडी वाकव!" हे बाबा, पत्रा कापून झाल्यावर.

मग वाकवणं. दांड्या काढल्या, खालच्या टोकांना ओला गोणपाट गुंडाळला, कारण जो भाग गिअरबॉक्सच्या आत जातो त्याला आच लागू द्यायची नाही. गॅसची ज्योत लावली. दांडी आधी काळवंडली, मग मध्यावर लालबुंद झाली. मेस्त्रींनी तिच्यावर पाइप चढवून ती हळूच माझ्या दिशेला वळवली. बघायला आळीतली पाचसात मंडळी जमली होती आणि प्रत्येकाचा कोन वेगळा होता. गार झाल्यावर बसवून पाहिली तर हाताला झकास लागत होती. मागच्या बाजूचा गिअर टाकला की गुडघ्यालाही झकास लागत होती. फोरव्हीलच्या दोघी वाकवल्यावर एकमेकींना चिकटल्या. एकीला ओढलं की दुसरी सोबतीला निघायची.

आता उपाय एकच: सरळ करायच्या आणि लांबवायच्या. लांब दांडीचं गणित असं की जोर कमी लागतो, पण हात जास्त फिरवावा लागतो. पुढचा गिअर डॅशबोर्डला टेकतो आणि मागचा हिच्या पर्समध्ये पडतो. ती आता पर्स घरी ठेवून जीपमध्ये बसते. खरं म्हणजे बसतच नाही.

लांबवायचं काम वेल्डिंगवाल्याकडे गेलं. तो तेव्हा तारकर्लीच्या एका रिसॉर्टच्या रेलिंगमध्ये गळ्यापर्यंत बुडाला होता. त्याने त्याच रेलिंगचे तुकडे दांड्यांवर चढवून वेल्ड मारले. "स्टेनलेसचो आसा, भाऊ. गंजाचा नाव नाय." खाऱ्या वाऱ्याच्या गावात हे खरंच मोठं आश्वासन. बाकी सगळी जीप गंजून गेली तरी तीन दांड्या चकाकत उभ्या राहतील.

पण पाइपला आटे नाहीत, त्यामुळे जुन्या मुठी बसेनात. शेवटी सावंतवाडीला गेलो. चितारआळीत लाकडाची रंगीत फळं आणि भाज्या करणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडच्या तयार मालालाच भोकं पाडून घेतली. गिअरला आंबा, पुढच्या चाकांना वांगं, हाय-लोला मिरची. लाखेचा रंग असा की उन्हातही हात घसरत नाही. गाडी चालवणाऱ्या गड्याला शिकवणंही सोपं झालं. आधी वांगं जोड, मग मिरची, मग आंबा फर्स्टला. जे बाबांच्या व्याख्यानातून त्याला दोन हंगामांत कळलं नव्हतं, ते त्याने एका चहात पाठ केलं.

फक्त वांगं पोटाशी जरा फुगीर निघालं. मिरची पूर्ण आत जायच्या आधीच त्याला टेकते.

हे कळलं व्हाळापलीकडच्या चढावर. गाडी पेट्यांनी भरलेली, आणि मुंबईहून बागेतूनच आंबे उचलायला आलेले एक गिऱ्हाईक मागे त्या पेट्यांना धरून बसलेलं. इंजिन बोंबललं, जीप मागे घसरायला लागली आणि गड्याने ब्रेकवर उभं राहून आरोळी ठोकली, "मिरची सुटली ओ, काकानू!"

मागून गिऱ्हाइकाचा घाबरा आवाज आला, "अहो, मिरची कुठली? मी फक्त आंबे सांगितले होते!"